सुगनबाईंनी वाचलेला शेवट

कादंबरीतली विधवा शेवटच्या पानावर का मरते, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंय? नसेल. सुगनबाईंनी विचारलं, आणि त्यापायी वाचनालयाच्या वहीतून त्यांचं नाव खोडलं गेलं.

सुगनबाई जुन्या जालन्यातल्या. मारवाडी घर, चौदाव्या वर्षी वैधव्य. शाळा पाहिली नाही. धाकटा भाऊ धडा वाचायचा, या समोर बसून डाळ निवडायच्या. अक्षरं उलट्या बाजूनं शिकल्या. अजूनही पुस्तक उलटं धरलं तर अडत नाहीत. सन छप्पनमध्ये मी त्यांना सभासद केलं. वहीतलं बाईमाणसाचं ते पहिलं नाव.

वाचनालयाची पुस्तकं मीच देतो-घेतो. त्यांनी मागितलेली प्रेमाची कादंबरी मी कपाळाला आठ्या घालूनच दिली. गरीब पदवीधर, श्रीमंत मुलगी, गैरसमज, शेवटी सनई. मध्ये दोघांच्या चिठ्ठ्या पोचवणारी विधवा वेणू. तिचा एका डॉक्टरवर जीव जडतो, म्हणून लेखक तिला तापानं मारून टाकतो.

आठ दिवसांनी सुगनबाई पुस्तक परत घेऊन आल्या.

"कशी वाटली, बाई?" मी खवचटपणे विचारलं.

"चाळिसाव्या पानालाच सगळं कळलं, भाऊ. तो छत्री विसरून गेल्ता, म्हणजे परत येणारच. तरी दोनदा वाचली."

"कळूनसुद्धा?"

"तो तिला विचारतो ना, तुमच्या मनात काय आहे म्हणून. मला कुणी विचारलं न्हाई असं. खोटं असलं तरी ऐकू वाटतं." मग आवाज चढला. "पण वेणूला ताप आला म्हणे! एकशे नव्वद पानं बिलकुल ठणठणीत होती की. हिच्या लग्नाची वेळ आली अन् लगेच ताप?"

मी पुस्तक जमा करून घेतलं.

एक गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. दुपारी चंदाबाईंकडे बायका पापड लाटायला जमतात. त्यांना वाचता येत नाही. सुगनबाई मोठ्यानं वाचून दाखवतात. तिथे त्यांनी वेणूचा ताप उतरवला आणि डॉक्टरशी लग्न लावून दिलं. बायकांनी लाटणी बाजूला ठेवून ते पान पुन्हा वाचायला लावलं!

चंदाबाईंनी हौसेनं नवऱ्याला गोष्ट सांगितली. नवरा गौतमचंद, आमच्या वाचनालयाचे चिटणीस. ते गरजले, "झूट! ती तर मरते!" म्हणजे सभेत कादंबऱ्यांना घाण म्हणणारे हे शेठ स्वतः शेवटच्या पानापर्यंत जाऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुगनबाईंच्या नावावर आडवी रेघ मारली.

मी भडकलो. "शेठ, पुस्तकाला पेन्सिल तरी लागली का?"

"तोंडानं फेरफार केला. माझ्या घरात बसून विधवेचं लग्न लावलं!"

"कागदावरची विधवा होती ती."

"कागदावरूनच घरात शिरतं हे!"

बराबर बोललात, शेठ. भीती तुम्हाला पुस्तकाची नाही, पापड लाटणाऱ्या बायकांची आहे. आणि समितीतले बाकीचे चौघे? खाली मान घालून बसले. लाज नाही वाटली.

मी सुगनबाईंना म्हणालो, "पिशवीत घालून पुस्तक आणून देतो. कोण बघतंय?"

त्यांनी मला झापलं. "मी काय चोर हाय? आधी नाव घाला, मंग पुस्तक आणा."

मी एकटा नाव घालू शकत नाही. सभेचा ठराव लागतो. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. सभासद असाल तर या, आणि सुगनबाईंच्या नावासाठी गौतमचंदांच्या डोळ्यांदेखत हात वर करा.