लहानूभाऊंचे दोन फटके

लहानू पाळदे चहाचा कप टेबलावर ठेवण्याआधी टेबलावरून हात फिरवायचे. टेबल स्वच्छ असो की नसो. पाटावर बसायचं तर आधी पाटावरून हात, देवळात नारळ ठेवायचा तर आधी पायरीवरून हात. पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी खुर्चीवरून असा काही हात फिरवला, की माझ्या कारकुनाला वाटलं हा माणूस आमच्या झाडलोटीला नावं ठेवतोय. तो दिवसभर फुगून बसला होता.

या सवयीचं मूळ त्यांच्या कामात होतं. नाशिक रोडहून देवळालीकडे जाताना आमचा गोल्फ क्लब लागायचा. क्लब आपला म्हणायला. नऊ होलचं माळरान, कडेला बाभळी, आणि पावसाळा सरला की गवताचं नाव नाही. मोठ्या मैदानांवर होलभोवती मऊ गवत राखतात, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे पाण्याचीच बोंब, त्यामुळे होलभोवती वाळू पसरायची, तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवायचं आणि चोपून बसवायची. रंगावरून त्याला ब्राउन म्हणत. या वाळूत पावलं उमटतात, म्हणून चेंडू होलकडे ढकलण्याआधी मधली वाट हातानं सारखी करायची, अशी मुभा आमच्या नियमांतच होती. लहानूभाऊ पोरवयापासून या मैदानावर. आधी खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहायचे, म्हणजे कॅडी होते, आणि पुढे आम्हा सभासदांना शिकवू लागले. वाळू सारखी करून करून त्यांच्या तळव्याला काळपट झाक आली होती. ती साबणानं जात नसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि मी तिथं दाखल झालो. लहानूभाऊंचं शिकवणं तीन वाक्यांचं. “डोकं खाली, पोट आत, तोंड बंद.” तिसरं माझ्यासाठी खास असावं. चेंडू बाभळीत घुसला की ते म्हणायचे, “गेला माहेराला. आता बोलावल्याबिगर यायचा नाय.” मी चिडून शिव्या दिल्या की शांतपणे, “वकीलसायेब, त्याला इंग्रजी कळत नाय, उगं घसा कशाला सुकवता.” स्वतः खेळायला उभे राहिले की मात्र चेष्टा बंद. सडपातळ, काळसर माणूस, पायात कोणा सभासदानं दिलेले मोठ्या मापाचे बूट, आणि फटका असा की बघणाऱ्यानं बोलणं थांबवावं.

राहायचे क्लबच्याच पत्र्याच्या खोलीत. बायको इंदुबाई, त्यांना मी वहिनी म्हणायचो. उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी बसवत नसे आणि पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे. वहिनींनी तक्रार कधी केली नाही, पण हंडा उतरवताना त्या एक सुस्कारा टाकायच्या. तो ऐकला की लहानूभाऊ उठून बाहेर जायचे.

मग ती संधी आली. दिल्लीला व्यावसायिक खेळाडूंची एक जुनी, मानाची स्पर्धा व्हायची. पुण्याच्या चाचणीत लहानूभाऊ तिच्यासाठी निवडले गेले. चार दिवसांचा खेळ. दोन दिवसांनंतर निम्म्याहून जास्त खेळाडूंना घरी पाठवतात, उरलेले पुढचे दोन दिवस खेळतात. पुण्याकडच्या एका मोठ्या मैदानाच्या मॅनेजरनं त्यांना शब्द दिला होता, की त्या उरलेल्यांत नाव आलं तर शिक्षकाची नोकरी पक्की, आणि राहायला क्वार्टर. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं होतं, “नळ आतमधी हाय का बाहेर?” आतच आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच पोत्यात भांडी भरायला घेतली.

पिशवी वाहायला माणूस हवा होता, तेव्हा मीच दिल्लीला गेलो. “सायेब, तुम्ही माझी पिशवी उचलायची म्हंजे बरं दिसंल का?” असं त्यांनी गाडीत भुसावळपर्यंत विचारलं. त्यांना भीती खेळाची नव्हतीच. भीती होती हाताची. दिल्लीला होलभोवती गवत, आणि गवतावर चेंडूच्या वाटेला हात लावायची मनाई. वर पडलेलं पान, काडी उचलता येते, पण उगाच हात फिरवला तर दोन फटक्यांचा दंड. म्हणून दोन्ही दिवस ते डावा हात पाठीमागे मुठीत आवळून ठेवायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, “गप बस रे बाबा.”

दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हिशेब सरळ होता. चेंडू एका फटक्यात होलमध्ये गेला तर लहानूभाऊ पुढच्या दोन दिवसांत, आणि एक फटका हाताशी. मी झेंडा काढून बाजूला उभा होतो आणि माझे डोळे त्या भोकावरच खिळले होते. चेंडू आला, काठावर जरा रेंगाळला आणि आत पडला. मी झेंडा टाकून टाळ्या वाजवल्या. लोकही वाजवत होते. लहानूभाऊ जागचे हलले नव्हते. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

खेळाडू एकमेकांचेच फटके लिहितात; लहानूभाऊंचे लिहून घेणारा एक उंच पंजाबी खेळाडू होता. लहानूभाऊ त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, “मैंने लाइन को हाथ लगाया.”

“मैंने तो नहीं देखा,” तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, “कोई पत्ता होगा. पत्ता हटाया होगा आपने.”

तो माणूस चांगला होता. त्यानं दार उघडून दिलं होतं. लहानूभाऊंनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी मराठीत म्हटलं, “लहानूभाऊ, पान होतं. मी पाहिलं.” मी काही पाहिलं नव्हतं.

“पत्ता नहीं था जी,” लहानूभाऊ म्हणाले. “मेरा हाथ गया. दो लिखो.”

त्यानं दोन लिहिले. एका फटक्यानं नाव गेलं. परतीच्या गाडीत मी त्यांच्यावर फार चिडलो. कोणी पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता, समोरचा स्वतः सोडायला तयार होता! ते खिडकीशी बसून ऐकून घेत होते. मनमाड आल्यावर म्हणाले, “सायेब, तुमच्याकडं साक्षीदार लागतो. मी तितंच हुतो ना.” एवढं बोलून ते पुन्हा बाहेर बघू लागले.

घरी त्यांनी वहिनींना सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मीही होतो. वहिनी उठल्या. त्यांनी पोतं सोडलं आणि भांडी एकेक करून फळीवर लावली. पातेलं, परात, तांब्या. लहानूभाऊ त्यांना परात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी ती हातातून घेतली नाही, खाली ठेवायला लावली आणि मग उचलली. मला तिथं बसवेना.

त्यानंतर लहानूभाऊंनी आमच्या ब्राउनवर वाट सारखी करणं सोडून दिलं. हाताची सवय मोडायची होती, पुन्हा चाचणीला जायचं होतं. बाकी सगळे वाळू सारखी करून खेळत आणि हा माणूस पावलांच्या खळग्यांतून चेंडू ढकलत बसे. चेंडू उड्या मारत भलतीकडे जायचा. सभासद हसायचे. चार-पाच वर्षं ते पुण्याला चाचणीला जात राहिले, पण निवड काही झाली नाही. खांदा दुखू लागला, मग नजर कमी झाली. दोन हजारनंतर आमच्या क्लबला पाणी मिळालं, गवत आलं, आणि बाहेरून शिकून आलेला एक तरुण शिक्षकही आला. लहानूभाऊंना गवताला पाणी घालायचं काम मिळालं. ते त्यांनी मनापासून केलं, पण खेळायची काठी हातात घेतलेली मी पुन्हा पाहिली नाही. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, “आता काय, आता माळ्याचं काम.”

त्या घरात दिल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. जेवायला वाढलंय, औषध घेतलं का, एवढं बोलणं चालायचं. मी गेलो की दोघांनाही बरं वाटायचं, कारण दोघांनाही बोलायला कोणीतरी मिळायचं. मला त्याचं वाईट वाटे.

पोटाचं दुखणं निघालं ते शेवटच्या टप्प्यातच कळलं. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं, त्याच पत्र्याच्या खोलीत. कार्तिकात गेले. क्लबातले चारजण आले होते.

दहाव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला, पण तो गाळायचं विसरून माझ्यासमोर येऊन बसल्या.

“भाऊ, जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला इचारलं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं कधी नाय इचारलं. म्हनले, इंदे, दिल्लीला म्या चुकलो का?”

मी पुढे सरकून बसलो.

“म्या म्हनलं, व्हय, चुकला.” त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. “मनात आलं व्हतं नाय म्हनावं. जानाऱ्या माणसाला नाय म्हनायला काय जातं? पर त्यांच्या तोंडाकडं बघून खोटं निघंना. त्यांनी सोताशी कधी खोटं केलं नाय, मग म्या कसं करू?”

“मग काय म्हणाले?”

“काय नाय. मान हालवली. भितीकडं तोंड केलं. सकाळी बोलनं बंद झालं ते झालंच.”

चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला होता. रॉकेलचा वास खोलीभर पसरला. वहिनी उठल्या नाहीत.

“तुमी वकील हायत भाऊ. सांगा मला. नाय म्हनायला पायजे व्हतं का म्या?”

मी उठून स्टोव्हवरचं पातेलं खाली उतरवलं. त्यांनी पुन्हा विचारलं.