अप्पांचं शुद्ध मराठी

पुण्याला निघाले तेव्हा तंजावर स्टेशनवर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, चिंचेच्या भाताचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "पुण्यास सगळे आपलीच भाषा बोलतात गे. तुज परकं वाटणार नाही."

पुण्यात पहिल्याच आठवड्यात भाजीवालीनं विचारलं, "मद्रासकडच्या का तुम्ही?" तंजावरच्या मराठा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या बोललं जाणारं मराठी इथं कुणाला मराठीच वाटेना. मी शाळेत विज्ञान शिकवू लागले, तोवर तमिळ लिपीच येत होती म्हणून देवनागरी शिकले, हळूहळू इथल्यासारखी बोलू लागले.

आता वर्गासाठी प्रश्न मी एआयकडून काढून घेते. माझी मुलगी इरा त्याच्याशी बोलत मराठीचा अभ्यास करते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर अप्पांनी तिला लाडानं विचारलं, "कोठें होतीस, कण्णे?"

"तात्ता, 'कोठें' चूक आहे. 'कुठे' म्हणायचं. एआयला विचारा," इरानं आजोबांना सांगितलं.

अप्पा हसले. पुढच्या रविवारी ते तिच्याशी इंग्रजीत बोलले. मग फोन त्रोटकच होत गेले. शेवटी तंजावरच्या वहिनीला विचारलं, अप्पांना झालंय काय.

"मोबाइल घेऊन बसतात," ती म्हणाली. "एआयशी मराठी बोलतात. तो चुका दाखवतो, अप्पा तेच पुन्हा म्हणतात."

मे महिन्यात इरा आणि मी तंजावरला गेलो. "ये बाळा, प्रवास कसा झाला?" अप्पांनी दारातच विचारलं, बातम्या वाचल्यासारखं. इरा खूश झाली. हे कोण बोलत होतं?

संध्याकाळी शेजारच्या सुंदराबाई आल्या. त्यांच्याशी अप्पा आमच्या मराठीत तमिळ मिसळून भरभर बोलले, खदखदून हसले. इरा कान देऊन ऐकत होती.

त्या गेल्यावर तिनं विचारलं, "तात्ता, माझ्याशी असं का नाही बोलत?"

"तुझ्या एआयला चूक वाटतं ते."

"त्याला नसेल येत. मला शिकवा."

अप्पा बोलू लागले. पण दर दोन शब्दांनी थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे, बरोबर आहे ना म्हणून. मी मान हलवत राहिले. जन्मभर बोललेल्या भाषेत त्यांना माझी परवानगी लागत होती.

आता दर रविवारी आम्ही तिघं बोलतो. इराला निम्मं कळतं, अप्पा अजून अडखळतात. त्यांच्यामागे माझ्याशी असं कोण बोलेल, ही धास्ती काही जात नाही. पुण्यात फ्लॅट आहे, तंजावरात भावाचा संसार आहे. माझं घर मात्र आता फोन चालू असेपर्यंतच असतं. म्हणून "ठेवू का?" असं त्यांनी विचारलं, की मी घाईघाईनं आणखी काहीतरी विचारते.