पुनर्वापर करता येतो

महाप्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी गेली काही वर्षं छपरावर घालायची प्लास्टिकची पांढरी शीट बनवते आहे. ती गच्चीवर अंथरायची, कडा गरम हवेने एकमेकींना चिकटवायच्या, की पाणी खाली उतरत नाही. पुष्कळ वर्षांनी म्हातारी झाली, की वितळवून तिचीच नवी बनवायची. आम्ही तिला मेम्ब्रेन म्हणतो. आम्ही सोडून सगळं जग ताडपत्री म्हणतं. आधी मी लोकांना दुरुस्त करायचे. मग नवऱ्यानेच एका पाहुण्याला 'ही ताडपत्रीत असते' असं सांगितलं आणि मी नाद सोडला.

चाचणीच्या पेटीत आम्ही तिच्यावर दिवसरात्र नकली ऊन पाडलं, पाणी मारलं. ती हूं की चूं करेना. पण साहेबांचं समाधान नव्हतं. "पेटीत माणसं राहत नाहीत," ते म्हणाले. "खऱ्या गच्चीवर एक पावसाळा काढून दाखवा." खरी गच्ची म्हटल्यावर मला सीवूड्सची आमचीच सोसायटी आठवली, आणि तिच्या वरच्या मजल्यावरच्या काकू.

काकू निवृत्त नर्स, एकट्या राहतात. दर जूनला बेडरूमचं छत गळायला लागलं की पलंग ओढत हॉलमध्ये आणायचा आणि दिवाळीला परत न्यायचा, हा त्यांचा नेम. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"काकू, यंदा पलंग हलवायचा नाही," मी सांगून टाकलं.

"शब्द देतेस?"

"दिला." शब्द देताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी इथल्याच खाडीकाठच्या गावचे. मीटिंगमध्ये त्यांनी शीट बोटांनी चोळून पाहिली. "म्हंजे ताडपत्रीच हाय ना?"

"मेम्ब्रेन."

"तेच ते."

परवानगी मिळाली. अट एकच, गच्चीच्या दारावर मराठीत बोर्ड लावायचा. त्या बोर्डात मी जीव ओतला. 'रिसायकलेबल'ला कोशात एक शब्द सापडला, पण तो वाचताना माझीच जीभ अडखळली. शेवटी सुटसुटीत लिहिलं: 'हे आवरण टिकाऊ आहे. याचा पुनर्वापर करता येतो.' खाली एक झाडही काढलं. आपल्या हातून मराठीची थोडी सेवा झाली, असं मला त्या दिवशी वाटलं. आता आठवलं की लाज वाटते.

जूनमध्ये बदाबदा कोसळला, जुलैत त्याहून जास्त. काकूंचं छत कोरडं ठणठणीत. त्यांनी मला घावणे पाठवले, मी साहेबांना छताचे फोटो पाठवले.

मग गणपती आले. मी कामासाठी दोन दिवस पुण्याला होते. परतले तेव्हा खाली आरती नुकतीच संपली होती, बाहेर धो धो पाऊस आणि मंडपात एक थेंब नाही. सेक्रेटरींनी माईक घेतला. "आपल्या मॅडमनी बाप्पाला ताडपत्री दिली. टाळ्या." टाळ्या झाल्या. मी बावळटासारखा सगळ्यांना नमस्कार केला, आणि मग वर बघितलं.

"अहो, ही कापलीत तुम्ही?"

"कापडाचं छत गळाय लागलं, म्हून वर गेलो. तुमीच लिवलंय ना, पुन्हा वापरता येतं. टेन्शन नको, विसर्जन झालं की परत लावतो."

नेमका काकूंच्या बेडरूमवरचा तुकडा काढला होता. तो सगळ्यात स्वच्छ होता म्हणे.

मी धावत वर गेले. पलंग हॉलमध्ये आला होता. काकू खुर्चीत बसून गुडघा शेकत होत्या. पलंग त्यांनी एकटीनेच ओढला होता.

"मला फोन का नाही केलात?"

"बोर्ड तुझाच ना. म्हटलं, तूच दिली असशील."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

विसर्जनानंतर तुकडा परत आला. सुतळीसाठी पाडलेली भोकं, वर गुलाल. मी तो धुऊन महाप्याला नेला आणि वितळवून त्याचीच नवी शीट केली. गुलाल पुरता गेला नव्हता, ती किंचित गुलाबी झाली. साहेब हरखले. "म्हणजे रिसायकलिंगही सिद्ध झालं की." आमच्या शीटला मंजुरी मिळाली आणि माहितीपत्रकावर मंडपाचा फोटो छापला गेला.

गुलाबी तुकडा मी स्वतः उभी राहून गच्चीवर बसवून घेतला आणि बोर्ड उतरवून टाकला. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपत होता, तेव्हा काकूंकडे गेले. छत कोरडं होतं. पलंग अजून हॉलमध्येच.

"आता नाही गळत, काकू. चला, मी ओढते, आत घेऊ या."

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बाप्पा येणारच आहेत."