गोधडीचा लाल काठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

आमच्या देऊळघाटच्या बाया गोधडी शिवताना अडल्या की माझ्याकडे येतात. दोरा गुंततो? मेणबत्तीवरून एकदा ओढून घे. सुई जड जाते? केसांतून फिरव. थर सरकतात? मधून शिवत बाहेर ये, कडेपासून सुरुवात करू नको. आत जुनंच लुगडं घाल, नवं कापड सुईला दाद देत नाही. सगळं कसं पटपट सांगते मी! पण यातलं माझं काहीच नाही. सगळं सुमनमावशीचं.

मावशी नात्यातली नव्हे, शेजारीण. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दुपारी तिच्या ओसरीत गोधडी पसरायची — एका कडेला ती, दुसऱ्या कडेला मी. मधेच सुंठ घातलेला चहा. तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकासारखे एक. तशा दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

त्या वर्षी तिच्या लेकीला, रेखाला, पहिलं बाळ होणार होतं. मावशीने वारलेल्या काकांची पांढरी धोतरं पेटीतून काढली. नातवंडाला आजोबांची ऊब मिळावी, एवढंच तिच्या मनात. काठाला लाल कापड लावायचं होतं. ते माझ्या हाती देऊन म्हणाली, "मिठाच्या पाण्यात भिजव बरं. पाणी साफ निघेस्तोर बदलत राह्य."

आणि मी — मैत्रिणी बुलढाण्याच्या बाजाराला निघाल्या होत्या. मी कापड नळाखाली नुसतं ओलं केलं, दोरीवर टाकलं आणि गेले. किती वेळ लागला असता? तासभर?

दोन महिने आम्ही ती गोधडी शिवली. पहिल्याच धुण्यात दगडावरून लाल पाणी वाहिलं. धोतरांवर डागच डाग. मावशी ओली गोधडी मांडीवर घेऊन बसली.

"तू भिजवलं होतं ना वं?"

"हाव," मी म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. लगेच. त्याच ताग्यातला, न भिजवलेला एक तुकडा तिच्या पेटीत पडून होता. "मंग मीच दुसरा तुकडा लावला असन," ती म्हणाली. "डोकं काम नाही करत माह्यं आता."

मी समोर उभी होते. का नाही बोलले? भीती? ती रागावली नसतीच — हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यानंतर मावशीने सुई धरली नाही. बाया आल्या की म्हणायची, "हिच्याजवळ द्या. मले ध्यानात नाही राह्यत." आणि मी घेत गेले. पहिली गोधडी तिची नजर चुकवून घेतली. पुढे तिच्यादेखतच घेऊ लागले. नऊ वर्षं ती ओसरीत नुसती बसून राहिली. कुठल्या गोधडीत कुणाचं लुगडं, कुणाचा सदरा — मी विचारलं की बिनचूक सांगायची.

ती गेली. मागच्या दिवाळीत रेखा माझ्याकडे आली. बोलता बोलता म्हणाली, "शेवटी शेवटी आईले लय इसर पडत होता, नाही?"

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणाले, आणि तिला आणखी थोडा चहा ओतला.