चिखलात उतरलेली संजीवनी

संजीवनी पाटणकर दाभोळच्या खाडीकाठी वाढली होती. पण परदेशात, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत एकवीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसल्यावर ते तिच्या स्वतःच्याही फारसं लक्षात राहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये दिवस खायला उठले, तेव्हा ती दर रविवारी सकाळी जवळच्या ओढ्यातला कचरा काढणाऱ्या मंडळींत जाऊ लागली. ओढा भरती-ओहोटीचा, दोन्ही काठांना तिवरांची झाडं आणि त्यांच्यामागे उंच इमारती.

पहिले दोन महिने तिच्या वाट्याला काठावर पिशव्या धरून उभं राहणं आलं. गटाचे प्रमुख लिम अंकल, निवृत्त शाळामास्तर, प्रेमानं म्हणायचे, "आंटी, यू रेस्ट." तिला राग यायचा.

एका रविवारी ओहोटी लागली आणि तिवरांच्या मुळांत अडकलेलं जुनं जाळं उघडं पडलं. त्याखालच्या डबक्यात मासे तडफडत होते. दोन दणकट तरुण गमबूट घालून उतरले आणि चार पावलांतच गुडघाभर रुतले. एकाचा बूट चिखलानं गिळला तो गिळलाच.

संजीवनीनं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सामानातली कात्री उचलली.

"आई, कॅनॉट ला, जमणार नाही! तुझे गुडघे!" सोबत आलेली तिची मुलगी अदिती ओरडली.

"गुडघे माझे आहेत, बघते मी," म्हणत ती निघालीसुद्धा. टाच टेकवायची नाही, मध्ये थांबायचं नाही. दाभोळच्या चिखलातलं पायांना सगळं आठवत होतं. जाळ्यापाशी पोचून तिनं मुळांवर बैठक मारली आणि कात्रीनं दोर कापत गेली. काळ्या पट्ट्यांचे अकरा चंदेरी मासे एकामागून एक ओढ्यात सुटले. काठावर लिम अंकल लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

त्या दिवसापासून नव्या स्वयंसेवकांना चिखलात चालायला शिकवायचं काम तिचं झालं. "टाच नको, पंजा! डोन्ट स्टॉप!" असा तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू येई. गटानं परवानगी काढून तिवरांची रोपं लावली. त्यांच्या सावलीत निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारू लागल्या.

ओढ्यातल्या माशांच्या यंदाच्या मोजणीला तिचा नवरा हेमचंद्रही डब्यात पोहे घेऊन आला. पट्टेवाल्या माशांचा आकडा चाळिसाच्या पुढे गेला होता. संजीवनी आणखी वाकली, तोच त्यातल्या एकानं नेम धरून पाण्याची पिचकारी मारली ती थेट तिच्या चष्म्यावर. हे मासे पानांवरचे किडे असेच पाडतात.

"किडा समजला तुला!" हेमचंद्र म्हणाला.

ती इतकी हसली की आकडाच विसरली. मग चष्मा पुसून तिनं पहिल्यापासून मोजायला घेतलं.