हवामामी आणि मागची दोन चाकं

“बंद कर आधी ती हवा. बॉम्ब बनवतोयस का गाढवा?”

दिल्लीच्या द्वारकेतल्या पेट्रोल पंपावर हे वाक्य माझ्या पाठीमागून असं काही आलं, की हवा भरणाऱ्याच्या हातून नळी सुटली, चार ई-रिक्षा जागच्या जागी थबकल्या आणि पालमला उतरायला निघालेलं एक विमान माझ्यादेखत पुन्हा वर गेलं. मागे वळून पाहिलं तर सलवार-कमीज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात पिस्तुलासारखा रोखलेला हवा मोजायचा गेज. या बाई मला ओळखत नव्हत्या. पण माझ्या मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ हे मराठीतून लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, आणि रागवायला हक्काचा माणूस सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

गाडी नवी कोरी होती. गाडी कसली, दोन खोल्यांचा फ्लॅटच चाकांवर बसवलेला. “टायरवरच लिहिलंय की एक्कावन्न,” मी म्हणालो.

“ते टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते लिहिलंय. तुझ्या पोटाला जास्तीत जास्त सोसेल तेवढं तू रोज जेवतोस का?” माझ्याकडे एकवार पाहून त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. मग माझंच दार उघडून त्याच्यामागच्या खांबावरचा बोटभर स्टिकर मला दाखवला. एकटा हिंडलास तर इतकी हवा, सात माणसं आणि सामान भरलंस तर मागच्या चाकांत इतकी जास्त. दोन महिने मी त्या दारातून आत-बाहेर करत होतो, पण तिथे काही वाचायला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

या हवामामी. आमच्याच सोसायटीत, शेजारच्या इमारतीत राहायच्या. मिरजेच्या. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, फौजेत ट्रक चालवायचे. छावण्या बदलता बदलता मामी त्यांच्याकडून हे शिकल्या. पुढे नाना बोलायचे कमी झाले आणि त्यांच्या वाटणीचंही मामीच बोलू लागल्या. नाना दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यांतली दोन चहाबद्दल असत.

मामींना माणसांबद्दल अफाट कुतूहल, पण तेही टायरच्या वाटेनं. कुणी मोठी गाडी काढून हरिद्वारला निघालं की पार्किंगमध्ये चौकशी सुरू. “कोण कोण जाणार? मागे कोण बसणार? वजन सांगा.” भर पार्किंगमध्ये, नवऱ्यासमोर, सासूसमोर. एकदा चौथ्या मजल्यावरच्या भाभी लाजत म्हणाल्या, “पचपन, आंटी.” मामी वाकल्या, मागच्या टायरकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “मैं पचपन का ही भरूँगी. रस्ते में फटा तो टायर को मत डाँटना.” भाभींनी जागच्या जागी आकडा सुधारला. दिल्लीत खरी जनगणना झाली असेल तर ती आमच्या पार्किंगमध्ये.

त्यांचा एकच कायदा होता. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. “उन्हातून पळून आलेला टायर फुगून आकडा वाढवून सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.” दुपारी गेज लावणाऱ्याकडे त्या ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं दूध नासलं असतं.

मग नानांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि दिल्ली सोडून मिरजेला लेकीकडे जायचं ठरलं. विमानात नानांना बसवत नव्हतं, ट्रेनमध्ये चढवत नव्हतं. डॉक्टरांनी एवढंच बजावलं, “धक्के नकोत.” माझ्या गाडीची मधली सीट पूर्ण मागे पाडली, नानांना पट्टा बांधून आडवं केलं, आणि तीस वर्षांचा संसार मागे छपरापर्यंत रचला.

आता पंचाईत बघा. इतकं ओझं म्हटल्यावर स्टिकरच्या हिशेबानं मागच्या चाकांत हवा जास्त हवी. हवा जास्त म्हणजे चाक कडक, आणि चाक कडक म्हणजे प्रत्येक खड्डा थेट नानांच्या पाठीत. पहाटे मामींनी स्टिकरबरहुकूम हवा भरली. मी शेवटची पिशवी घेऊन खाली आलो तेव्हा गाडीमागून स्स्स असा आवाज येत होता. मामी उठल्या, मागच्या चाकांच्या व्हॉल्व्हच्या दोन्ही टोप्या त्यांच्या ओढणीत होत्या.

“जरा जास्त झाली होती,” त्या म्हणाल्या. कधी नव्हे तो आवाज इतका बारीक होता, की मी पुढे विचारलंच नाही.

दिल्लीबाहेरचं सोहना मागे पडलं, मे महिन्याचं ऊन चढलं. गाडी गादीसारखी चालली होती. मामींनी मागे वळून विचारलं, “अहो, धक्के बसतायत का?”

नाना छताकडे बघत होते. “मागं हवा कमी आहे. गाडी लोळतीय. थांबव.”

पुढच्या पंपावर थांबलो. पोरगेल्या माणसानं गेज लावला. आकडा बरोब्बर स्टिकरवरचा. “एकदम परफेक्ट है, आंटी.” मीही म्हणालो, “मामी, बरोबर आहे की.” कुणाला काही कळलं नसतं. मामी त्या तापलेल्या टायरवर हात ठेवून उभ्या होत्या आणि आत नानांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “गरम आहे म्हणून दाखवतोय. सकाळी मी सोडलीय.” आणि त्या माणसाला, “और भरो भैया. दोनों में.”

तिथून मिरजेपर्यंत मी गाडी अशी चालवली, की बैलगाड्या हॉर्न देऊन पुढे गेल्या. तरी रस्ता तो रस्ताच. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मामी डोळे मिटायच्या. टायर मात्र एकही बसला नाही.

महिन्याभरानं फोन केला. मामी देवळात गेल्या होत्या, नानांनी उचलला. मी विचारलं, “नाना, त्या दिवशी पाठीला फार लागलं का हो?”

“लागलं. पण हवा बरोबर होती.”