आश्विनातला घोट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शेजारी आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून विहिरीवर जायचे. पोहरा सोडायचे, वर ओढायचे, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटायचे. पाणी या गालातून त्या गालात फिरवायचे आणि घोट गिळून जाहीर करायचे, "गोडं! आता वरीसभर बघाया नको."

हे ऐकायला कोणीतरी लागायचं. बारा वर्षं ते काम माझ्याकडे होतं.

मी घाटावरची. काशीदच्या अलीकडच्या या गावात शाळामास्तरीण म्हणून आले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. दोन घरांच्या मध्ये फक्त तगरीचं कुंपण. ते मुंबईत एका शेठकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते. शेठने निरोप देताना आपली जुनी पांढरी गाडीच देऊन टाकली, ती घेऊन ते गावी परतले. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. मुलगी एकच, ती लग्न होऊन म्हसळ्याला.

आश्विन लागला की काकांना उसंत नसायची. पावसाने चार महिने झोडपलेलं घर दिवाळीपर्यंत पुन्हा उभं करायचं असे. आधी अंगण. इकडे अंगण दर वर्षी नव्याने करतात, तुम्ही पाहिलं असेल. उखडलेली माती खणायची, मुरूम टाकायचा, पाणी शिंपायचं आणि लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायचं. मग काकू शेणाने सारवायच्या. मग पोफळीचे खांब रोवून वर झावळ्यांचे झाप टाकायचे, की मांडव तयार. एखादा खांब हाताला भुसभुशीत लागला तरी काका तो फेकत नसत. "अजून जीव हाय त्याच्यात," म्हणायचे आणि उलटा करून रोवायचे.

आकाशकंदिलाचा सांगाडाही तोच. कामट्यांना इतक्या ठिकाणी सुतळी बांधलेली, की कंदील म्हणावा की जखमी माणूस, असा प्रश्न पडावा. पण नवा कागद चिकटवला की तो दर दिवाळीला ऐटीत लटकायचा. घराच्या रंगाची तर वेगळीच कथा. किनाऱ्यालगत मुंबईवाल्यांचे बंगले झाले होते. तिथल्या रंगाऱ्यांकडून उरलेले डबे काका आणायचे. त्यामुळे त्यांच्या घराची एक भिंत पिस्ता, एक आबोली आणि मागची एक चक्क जांभळी होती. मी म्हटलं, "काका, हे घर आहे की लग्नातला मांडव?" ते म्हणाले, "बाई, तुमी समोरून बगा ना. मागं जाता कशाला?"

मी बोलायला फटकळ. सरपंचापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

अंगणाच्या बरोबरीने गाडीचं काम चाले. आश्विनात काकांकडे गेलं की आधी त्यांचे पाय दिसत. बाकीचे काका गोणपाट अंथरून गाडीखाली. येणारेजाणारे त्या पायांशीच बोलत आणि पाय उत्तर देत. बोलणं पटलं की अंगठे हलायचे. दर वर्षी सायलेन्सर गळून पडायचा, दर वर्षी काका तो तारेने आवळायचे आणि दर वर्षी दोष रस्त्याला जायचा.

गाडीला मात्र रोज आंघोळ. "शेठ म्हणायचा, गाडी म्हंजे माणूस. तिला पारोशी ठेवू नये." सकाळी विहिरीचं पाणी काढून काका ती वरून धुवायचे, चाकं धुवायचे, मग वाकून खालूनही पाण्याचे सपकारे मारायचे. "खारा वारा हाय ना, बाई. बाजूच्यांच्या गाड्या बगा कशा सडल्यात. आपली बाव गोडी, म्हणून ही टिकली." बाव म्हणजे विहीर.

आता ते पाणी कसं होतं, ते सांगते.

दसऱ्याला ते गोडच असे. चार महिन्यांचा पाऊस पोटात घेऊन विहीर काठोकाठ भरलेली असायची. इथलं कुठलंही पाणी त्या दिवसांत गोड लागणारच. पण होळी झाली, पाणी तळाला गेलं, की ते मचूळ होत जाई. पहिल्या वर्षीच चैत्रात मी त्यांच्याकडे चहा प्याले आणि जिभेला मीठ लागलं. पुढे बंगल्यांनी बोअर मारले, तसं ते माघापासूनच मचूळ व्हायला लागलं. काका पाण्याची परीक्षा घ्यायचे वर्षातून एकदाच, ऐन आश्विनात, आणि त्या एका घोटावर सबंध वर्ष काढायचे. पुढे ते दिवसादिवसाने खारट होत जाई आणि त्यांची जीभही त्याच्याबरोबर सरकत जाई. नळ आला होता, पण नळाचं पाणी भांड्यांना. प्यायला बाव.

त्या पहिल्या चहानंतर मी स्वयंपाकघरात काकूंना म्हटलं, "काकू, पाणी जरा..."

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "म्हायती हाय मला. भातात मी मीठच घालत न्हाय, बाई. आमची बाव घालते," आणि हसल्या. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हां. ह्यांचे वडील म्हणायचे, हितं पाणीच लागायचं न्हाय. नव्या लग्नात ह्यांनी एकट्यानं खणली ती. मी वर माती वढायची. पाणी लागलं तवा आमी दोघं त्या चिखलात नाचलो."

मी गप्प बसले. बारा वर्षं बसले. दर दसऱ्याला कुंपणाशी उभी राहून "गोडं!" ऐकत राहिले, आणि ते खोटंही नव्हतं.

मग काकूंचे पाय सुजायला लागले. रक्तदाब बरीच वर्षं होताच. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस, मीठ पूर्ण बंद आणि पाणी मोजून.

काकांनी ही बाई वाचवायचीच असं ठरवलं. खांबासारखं, कंदिलासारखं. "अजून जीव हाय तिच्यात," असं ते मला म्हणालेही, आणि त्या वेळी मला हसू आलं नाही. लोणच्याची बरणी, सुकी मासळी, पापड, सगळं त्यांनी घराबाहेर काढलं. मिठाचा डबा माझ्याकडे आणून दिला. "आमच्या घरात खडा नको." आठवड्यातून दोनदा ते काकूंना मागच्या सीटवर उशी लावून बसवायचे आणि गाडी अलगद अलिबागला न्यायचे. आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी दिवसभरात थोडं थोडं स्वतःच्या हाताने पाजायचे. बावीचं. आठवणी काढायला बसलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर तो पेला येतो. तेव्हा मी का बोलले नाही? सांगायला हवं होतं. काकूंना एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "आता काय उपेग? त्यांचा हात धरून राहिलेय, तो तेवढा राहू दे."

त्या वर्षी दसरा झाला. काकांनी घोट घेतला, "गोडं!" म्हणाले. अंगण निम्मं चोपून झालं होतं. तिसऱ्या दिवशी अलिबागची पाळी होती, मलाही बँकेत काम होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. चौलच्या पुढे मागून खडखडाट झाला आणि सायलेन्सर रस्त्यावर घासायला लागला. जवळच गॅरेज होतं. मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली आणि खाली गेला. काकू बाकावर बसल्या, मी शेजारी. काका वाकून सूचना देत होते.

मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर तळाच्या पत्र्याला लावला. तो आरपार गेला. दुसरीकडे लावला, तिथेही गेला.

"काका, गाडी समिंदरात घालता काय?"

"कदी न्हाय! वाळूवर चाक न्हाय लागलं तिचं."

"मंग धुता कशानं?"

"बावीच्या पाण्यानं. गोड्या."

मिस्त्रीने पत्र्याच्या घडीतून पांढरा थर खरवडला, बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकला. मग तेच बोट काकांपुढे केलं. "मीठ हाय, काका. वरून न्हाय, खालून खाल्लीय गाडी."

काकांनीही चाखलं. नेहमीसारखे डोळे मिटले. उघडले तेव्हा ते गाडीकडे बघत नव्हते. बाकावर बसलेल्या काकूंकडे, त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत होते.

मग माझ्याकडे वळले. "बाई, आपलं पाणी गोडं हाय ना? तुमी दर वर्साला ऐकता."

"आत्ता गोडंच आहे, काका," मी म्हटलं.

"आत्ता म्हंजे?"

साऱ्या गावाला सुनावणारी मी, पिशवीतलं बँकेचं पासबुक काढून चाळायला लागले. काकूच उठल्या. "चला. उशीर झालाय. तिकडं माझी पाळी जायची."

तारेने सायलेन्सर बांधून आम्ही पुढे गेलो. त्या दिवशी काकांनी डॉक्टरांना विचारलं, पाण्यानेच झालं का? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, रक्तदाब होता, वय होतं. पण खारं पाणी चांगलं नव्हे. घरी आल्यावर काका मला म्हणाले, "बाई, न्हाय म्हणाले असते तर सुटलो असतो. व्हय म्हणाले असते तरी एक झालं असतं. ह्यात मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी गाडीला आंघोळ नव्हती. चोपण्याचा आवाज मात्र पहाटेपासून येत होता. आधीचं निम्मं अंगणही त्यांनी पुन्हा चोपलं. त्या दिवाळीला त्यांनी घर असं सजवलं, की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. जांभळी भिंतसुद्धा पांढरी केली. काकू मांडवात खुर्चीवर बसून कंदिलाकडे बघायच्या. पाण्याचे जार काका नाक्यावरून खांद्यावर आणायला लागले होते. काकूंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अवो, ह्याला चवच न्हाय." काका हसले नाहीत. माझ्यादेखत त्यांनी काकूंच्याच पदराने काकूंचं तोंड पुसलं आणि आत निघून गेले.

काकू संक्रांतीच्या आधी गेल्या. शेवटच्या खेपेला गाडी अंगणातून हललीच नाही. दुसऱ्याच्या रिक्षातून न्यावं लागलं, त्याचाही काकांना सल राहिला.

चैत्रात ते रोज विहिरीच्या काठावर बसायला लागले. पोहरा काढायचे, चाखायचे, ओतून द्यायचे. पुन्हा काढायचे. जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारायचे, "जरा चाखून सांग रे, खारं हाय?" लोक बिचकून लांबून जायला लागले. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"तुमी हितं बारा वर्सं च्या प्याला. तुमाला लागलं न्हाय?"

या वेळी मी टाळाटाळ केली नाही. "लागायचं, काका."

"कवापास्नं?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि तिला?"

"काकूंनाही."

त्यांनी पोहऱ्यातलं पाणी ओतून दिलं. "म्हंजे सगळ्यांना म्हायती. माझ्याच एकट्याच्या जिभेला न्हाय." मग अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेश नव्हता त्यात, म्हणाले, "बाई, तुमी तर कुणाला भीत न्हाय. मंग मलाच का न्हाय बोललात?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी माफीसुद्धा मागितली नाही. ती मागण्याएवढीही माझी लायकी उरली नव्हती, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

पावसाच्या तोंडावर मुलगी येऊन त्यांना म्हसळ्याला घेऊन गेली. अधूनमधून तिला फोन करते. काका माझ्याशी बोलायला येत नाहीत. ती म्हणते, "बाई, त्यांना पाणी दिलं की ते आधी मला प्यायला लावतात. मी प्याले की किती तरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मंग पितात. कदी कदी न्हायच पीत."

परवा दसरा झाला. त्यांच्या अंगणात गुडघाभर गवत आहे. मांडवाचे खांब भिंतीला टेकून ठेवलेत, त्यांना वाळवी लागली आहे. गाडी विटांवर चढवलेली, तिच्या दारातून वेल आत गेला आहे. काल सकाळी मी आंघोळ करून कुंपण ओलांडलं आणि विहिरीवर गेले. विहीर काठोकाठ भरली होती. पोहरा सोडला, वर ओढला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटले.

पाणी गोड होतं. मला ते गिळवेना.